ट्रॅकवर क्लच पेडल खालीच राहतं? किट बदलण्याआधी या चुका टाळा

पाचवा-सहावा लॅप चालू आहे. तिसऱ्या गिअरला इंजिन ७,००० आरपीएमच्या आसपास आहे. तुम्ही क्लच दाबता, चौथा टाकता, पाय उचलता, आणि पेडल तळालाच राहतं. बुटाच्या टोकाने ते वर ओढत कशीबशी गाडी पिटमध्ये येते. अर्ध्या तासाने बघावं तर पेडल एकदम ठणठणीत. मग गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं: "क्लच गेला, किट टाकून घ्या." गिअरबॉक्स उतरतो, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळं नवं बसतं, आणि पुढच्या ट्रॅक डेला (आपली गाडी रेसट्रॅकवर चालवण्याच्या दिवशी) पाचव्या लॅपला पेडल पुन्हा खाली.

क्लच प्लेट झिजली तर क्लच स्लिप होतो, म्हणजे रेस वाढते पण गाडी तेवढी पळत नाही. पेडल खाली राहणं ही वेगळी तक्रार आहे. तिचं मूळ बहुतेक वेळा क्लचच्या लाइनमधल्या ऑइलमध्ये (हे ब्रेकचंच ऑइल असतं), सिलिंडरच्या सीलमध्ये, होजमध्ये नाहीतर पेडलच्या स्प्रिंगमध्ये सापडतं. म्हणून माझा आग्रह एकच असतो. पेडल नेमकं कधी आणि कसं बिघडलं हे कागदावर आल्याशिवाय पान्याला हात लावू नये.

सगळ्यात मोठी चूक: पेडल खाली असताना गाडी ओढत होती का, हे न बघणं

पेडल दाबलं की पेडलपाशी असलेल्या मास्टर सिलिंडरमधलं ऑइल गिअरबॉक्सपाशी असलेल्या स्लेव्ह सिलिंडरकडे ढकललं जातं. स्लेव्ह रिलीज बेअरिंगला पुढे सारतो आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या डायफ्रॅम स्प्रिंगची बोटं दाबतं. पेडल वर आणण्याचं मुख्य काम याच बोटांचं असतं. ती मागे येताना ऑइलला उलटं ढकलतात आणि त्या दाबाने पेडल वर येतं.

आता पेडल खाली राहिलं आणि तुम्ही ॲक्सिलरेटर दिला. गाडी नेहमीसारखी ओढत असेल, तर क्लच जुळलेला आहे, म्हणजे लाइनमधला दाब गेलेला आहे. हवा, ऑइलची वाफ किंवा गळकं सील शोधा. याउलट इंजिन नुसतंच ओरडत असेल आणि गाडीला जोर मिळत नसेल, तर क्लच सुटलेलाच आहे, म्हणजे दाब लाइनमध्ये अडकून आहे किंवा पेडलला वर येऊ न देणारी ताकद बोटांपेक्षा जास्त झाली आहे. आणि क्षणभर रेस वाढून मग गाडी ओढायला लागली, तर ऑइल परत येतंय पण सावकाश. तिथे होज आतून फुगल्याचा संशय घ्यावा. रबरी होजचा आतला थर सुटला की जाताना ऑइल सहज जातं, येताना अडतं.

ही तीन उत्तरं तीन वेगळ्या दुरुस्त्यांकडे नेतात. गाडी थांबल्यावर ती मिळत नाहीत, त्यामुळे पिटमध्ये शिरल्या शिरल्या फोनवर लिहून ठेवा: कितवा लॅप, कितवा गिअर, आरपीएम किती, ॲक्सिलरेटर दिल्यावर काय झालं, आणि दोन-तीनदा पंप केल्यावर पेडल कडक झालं का. पंप केल्यावर कडक होत असेल तर हवा किंवा वाफ जवळपास नक्की.

ब्रेकचं ऑइल बदललं, क्लचचं विसरलं

ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते, तीही काळजीपूर्वक गाडी तयार करणाऱ्यांकडून. ट्रॅक डेच्या आधी चारही चाकांना नवं ब्रेक ऑइल भरलं जातं आणि क्लचच्या लाइनमध्ये तीन वर्षांचं जुनं तसंच राहतं. बीएमडब्ल्यू, फोक्सवॅगन, पोर्शच्या बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत ब्रेक आणि क्लचचा रिझर्व्हायर एकच असतो, त्यामुळे वर स्वच्छ ऑइल दिसतं आणि सगळं झालं असं वाटतं. पण क्लचची लाइन चाकांपाशी कितीही ऑइल काढलं तरी रिकामी होत नाही. तिचं निपल (ऑइल आणि हवा बाहेर काढायचं तोंड) वेगळं, गिअरबॉक्सपाशी, आणि ते मुद्दाम उघडावं लागतं.

जुन्या ऑइलमध्ये होतं काय? ग्लायकॉलवर आधारलेलं ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ (डॉट म्हणजे डब्यावर लिहिलेली ऑइलची प्रत) ची किमान मर्यादा कोरडं असताना २०५ अंश सेल्सिअस, ओलावा शोषल्यावर १४०. डॉट ४ ची २३० आणि १५५. डॉट ५.१ ची २६० आणि १८०. यातलं "ओलं" म्हणजे सुमारे ३.७ टक्के पाणी. मुंबई, कोकण किंवा गोव्यात गाडी ठेवणाऱ्याने हे आकडे जास्त मनावर घ्यावेत, कारण पावसाळ्यातली हवा रिझर्व्हायरच्या झाकणातून आणि होजमधून हळूहळू आपलं काम करतच असते. रोजच्या रस्त्यावर ते जाणवत नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर दुपारच्या उन्हात, सतत वरच्या आरपीएमला, बेलहाउसिंगमधली (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचातली) उष्णता स्लेव्हपर्यंत पोचली की ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे तयार होतात. बुडबुडा दाबला जातो, ऑइल दाबलं जात नाही. म्हणून पेडल जातं आणि क्लच सुटत नाही. गार झालं की वाफेचं परत द्रव होतं आणि पेडल नीट वाटतं. "गरम झाल्यावर बिघडतं, गार झाल्यावर सुधारतं" ही तक्रार ऐकली की आधी ऑइल बदला. पूर्ण बदला, वरवर नाही.

डॉट ५ आणि डॉट ५.१ या नावांत फक्त ".१" चा फरक दिसतो, पण डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं आणि ते ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये मिसळायचं नसतं. दुकानात डबा हातात घेऊन वाचा.

सामाईक रिझर्व्हायरची आणखी एक गोष्ट. क्लचची नळी त्यातून वरच्या बाजूने निघते, म्हणजे क्लचमधून गळती झाली तरी ब्रेकसाठी ऑइल शिल्लक राहावं. याचा उलटा परिणाम असा की ब्रेक पॅड झिजून पातळी खाली गेली की पहिली हवा क्लच खातो. ब्रेक उत्तम, क्लच मऊ, अशी गाडी आली तर बॉनेट उघडून आधी पातळी बघावी.

फक्त वरच्या आरपीएमला अडकतं, तरी ऑइललाच दोष देणं

शेव्हरोले कॉर्व्हेटच्या सी५ आणि सी६ पिढ्या (१९९७ ते २०१३) अमेरिकेतल्या ट्रॅकवर या दुखण्यासाठी चांगल्याच ओळखीच्या आहेत. रस्त्यावर काही नाही, पण रेडलाइनजवळ गिअर बदलला की पेडल खाली. या गाड्यांत क्लचचा छोटा स्वतंत्र रिझर्व्हायर असतो आणि त्यातलं ऑइल लवकर काळं पडतं. स्लेव्ह बेलहाउसिंगच्या आत शाफ्टभोवती बसवलेला आहे, निपलपर्यंत हात पोचत नाही, आणि स्लेव्ह बदलायचा तर मागचा गिअरबॉक्स आणि त्याला इंजिनशी जोडणारी टॉर्क ट्यूब उतरवावी लागते. म्हणून तिथले मालक सिरिंजने रिझर्व्हायरमधलं काळं ऑइल ओढतात, नवं भरतात, पेडल बऱ्याच वेळा सावकाश दाबतात, आणि ऑइल स्वच्छ दिसेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करतात. खालचं ऑइल वर येऊन मिसळत राहतं म्हणून हे चालतं. चिकाटीचं काम आहे, पण उपयोग होतो. गिअरबॉक्स कधी काळी उतरलाच, तर बाहेरून हात पोचेल अशी निपलची लांब नळी त्याच वेळी बसवून घ्यावी.

पण ऑइल नवं असूनही वरच्या आरपीएमलाच अडकत असेल तर प्रेशर प्लेटकडे आणि पेडलकडे बघा. वेगाने फिरताना डायफ्रॅमच्या बोटांवर केंद्रोत्सारी बल काम करतं. ती प्रमाणाबाहेर आत दाबली गेली असतील तर परत येण्याची त्यांची ताकद कमी पडते. त्यात पेडलला साहाय्यक स्प्रिंग असेल, तर ती अर्ध्या प्रवासानंतर पेडल खाली ओढायला मदत करते. रस्त्यावर पाय हलका व्हावा म्हणून ती दिलेली असते. वरच्या आरपीएमला बोटं कमजोर आणि स्प्रिंग जोरात, मग पेडल खालीच. २०१५ पासूनच्या फोर्ड मस्टँगमध्ये ट्रॅकवर जाणारे लोक ही स्प्रिंग बदलून हलकी बसवतात किंवा काढूनच टाकतात. पेडल जड होतं, पण वर येतं.

इथेच एक उत्साहाची चूक होते. जोरदार क्लच बसवताना मोठ्या बोअरचा (आतल्या व्यासाचा) मास्टर सिलिंडर लावला जातो. तेवढ्याच पेडलमध्ये जास्त ऑइल जातं, बोटं गरजेपेक्षा जास्त दाबली जातात आणि नेमका हाच त्रास ओढवतो. अशा गाडीत पेडलखाली स्टॉपर लावून प्रवास मर्यादित करा. क्लच पूर्ण सुटल्यानंतर थोडीच जागा शिल्लक राहील इतकाच.

फ्री प्ले (पेडलचा सुरुवातीचा ढिलेपणा) काढून टाकणं

"पेडल वरच पकडायला हवं" म्हणून पुशरॉडची (पेडल आणि मास्टरच्या पिस्टनमधल्या दांड्याची) लांबी वाढवून पेडलचा सगळा ढिलेपणा घालवणारे बरेच जण आहेत. हे करू नका. मास्टर सिलिंडरमध्ये रिझर्व्हायरकडे जाणारं एक बारीक छिद्र असतं. पेडल पूर्ण वर असताना पिस्टन त्या छिद्राच्या मागे गेलेला असतो, म्हणजे तापून फुगलेलं ऑइल रिझर्व्हायरकडे जाऊ शकतं. पुशरॉडने पिस्टन थोडा जरी पुढे धरून ठेवला तर ते छिद्र झाकलं जातं. मग ऑइल तापतं, फुगतं, जायला वाट नाही, आणि दाब क्लचलाच अर्धवट सोडतो. गाडी स्लिप व्हायला लागते आणि नवीकोरी क्लच प्लेट दोन सेशनमध्ये जळते. लोक मग प्लेटच्या कंपनीला बोल लावतात.

याची खात्री करणं सोपं आहे. गाडी तापलेली आणि स्लिप होत असताना पिटमध्ये आणा, इंजिन बंद करा, पेडलला पाय न लावता स्लेव्हचं निपल किंचित उघडा. ऑइल जोरात उडालं आणि त्यानंतर स्लिप थांबली, तर दाब अडकलेला होता. चेहरा लांब ठेवा, गॉगल घाला. ते ऑइल गरम असतं आणि रंगही खातं. मग मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे फ्री प्ले परत द्या.

डावा पाय पेडलवर टेकवून लॅप मारण्याची सवयही जवळपास हाच परिणाम करते. पाय बाजूच्या फूटरेस्टवरच हवा.

हवा काढताना घाई

निसान ३७०झेडमध्ये स्लेव्ह बेलहाउसिंगच्या आत, शाफ्टभोवती बसतो, आणि त्याची सील ही या गाडीची जुनी दुखरी बाजू. बाहेरून काही दिसत नाही. बेलहाउसिंगच्या खालच्या कडेला ओल दिसली तर तीच खूण. अशा स्लेव्हची हवा काढताना पेडल धपाधप दाबू नये. रिझर्व्हायरवर सुमारे १ बार दाब देणारं साधन लावून ऑइल खालून वाहू द्यावं, किंवा एकाने सावकाश पेडल दाबावं आणि दुसऱ्याने निपल उघडावं-बंद करावं. पेडल तळाला असताना निपल बंद झाल्याशिवाय ते वर घेऊ नका.

मास्टरचं आतलं सील तपासायला ट्रॅक लागत नाही. समोर मोकळी जागा बघा, इंजिन चालू, पहिला गिअर, ब्रेकवर उजवा पाय, क्लच तळाला धरून अर्धा मिनिट थांबा. गाडी हळूहळू पुढे रेटायला लागली आणि रिझर्व्हायरची पातळी मात्र तशीच आहे, तर ऑइल सीलच्या बाजूने आतल्या आत मागे येतंय. पातळी घटत असेल तर गळती बाहेर आहे. पेडलच्या वर, फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी) बोट फिरवा आणि कार्पेट उचलून बघा.

बाकी दोन गोष्टी पटकन. जुन्या बीएमडब्ल्यूमध्ये क्लचच्या लाइनमध्ये ऑइलचा वेग कमी करणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. ट्रॅकवर झटपट गिअर बदलताना त्यामुळे क्लच उशिरा पकडतो, तो काढता येतो. आणि फ्लोअर मॅट ट्रॅकवर जाण्याआधी डिकीत टाका. पेडलखाली अडकलेली मॅट गिअर न पडण्याचं कारण ठरते आणि लोक गिअरबॉक्समधले सिंक्रो (गिअर सहज पडू देणाऱ्या रिंगा) बदलायला निघतात.

पेडल गेल्यावर तिथल्या तिथे

खाली वाकून बघू नका, नजर ट्रॅकवर. हात दाखवून किंवा इंडिकेटर देऊन रेसिंग लाइन सोडा. गाडी ओढत असेल तर आहे त्याच गिअरमध्ये पिटपर्यंत या. गिअर काढावाच लागला तर ॲक्सिलरेटर क्षणभर सोडून, दातांवरचा भार हलका होताच लिव्हर न्यूट्रलला ओढा. शक्य असेल तर पिटमध्ये येण्याआधीचा लॅप कमी आरपीएमला, गाडी गार करत चालवा, म्हणजे पिटमध्ये थांबल्यावर उष्णता स्लेव्हमध्ये कोंडणार नाही.

न्यूट्रल मिळालाच नाही तर ब्रेक दाबून, इंजिन बंद करून थांबा. त्यानंतर गाडी हलवायला पुन्हा स्टार्टर मारण्याआधी लिव्हर हाताने हलवून बघा. पेडल तळाला असल्याने स्टार्टरचा स्विच परवानगी देतो, पण क्लच सुटलेला नसतो, आणि गिअरमध्ये असलेली गाडी समोर उभ्या माणसावर उडी घेते.