छोट्या ट्रॅक्टरला पंजा: पऱ्हाटी, बाभूळ आणि मागचं वजन

पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटून झाली की खरा वैताग सुरू होतो तो तिला वावराबाहेर काढण्याचा. धुऱ्यावर (बांधावर) रचून ठेवली तर तिच्यातल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम ठोकते, आणि २०१७ च्या हंगामात या अळीनं विदर्भात काय केलं ते कोणी विसरलेलं नाही. मजूर महाग, काटेकुटे वेगळेच. म्हणून २५ ते ३५ एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरला समोर लोडर (ओझं उचलणारे दोन हात) आणि लोडरला पंजा, ज्याला कंपनीवाले ग्रॅपल म्हणतात, हा जोड आता गावागावांत दिसू लागला आहे.

पंजा घेताना बहुतेक जण विचारतात, किती वजन धरतो? विचारायचं असतं ते ट्रॅक्टर किती पेलतो. पंजा मिटवणारा, ५० मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) तेलाचा सिलेंडर १५० बार दाबाला सुमारे ३ टनांचा जोर लावतो. पात्याच्या टोकाशी तो बराच कमी होतो, तरी उचलता येणार नाही असं खोड पंजा सहज पकडून ठेवतो. पकड बसली म्हणजे उचलता येईल असं समजणं, इथूनच अपघात सुरू होतात.

वजनाचा हिशेब

लोडरच्या प्लेटवर ६०० किलो लिहिलं असेल, तर तो आकडा साधारणपणे बकेटच्या पिनांपाशी मोजलेला असतो. पंजा स्वतः २०० किलोचा असेल तर उरले ४००. ओझं पिनेच्या अर्धा मीटर पुढे असतं, त्यामुळे हातात येतात ३०० च्या आतबाहेर.

आता मागची बाजू बघा. ट्रॅक्टरच्या दोन आसांत १.६ मीटर अंतर आहे आणि पंजा व ओझं मिळून ६०० किलो समोरच्या आसाच्या १.४ मीटर पुढे लटकलं आहे असं धरा. तराजूसारखं समोरच्या आसावर तोललं तर मागच्या चाकांवरचे ५२५ किलो कमी होतात. छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर मुळात ७०० किलोच्या आसपास भार असतो. म्हणजे उरले पावणेदोनशे. आणि अशा ट्रॅक्टरचे ब्रेक बहुधा फक्त मागच्या चाकांना असतात. चाक जमिनीवर दबलेलंच नसेल तर ब्रेक दाबून उपयोग काय?

म्हणून मागे वजन हवंच. मागच्या आसापासून ९० सेंटीमीटर मागे, तीन-पॉइंटला (अवजारं जोडायच्या मागच्या तीन दांड्यांना) ३०० किलो लटकवले की मागच्या चाकांवर जवळजवळ ४७० किलो वाढतात, आणि समोरच्या आसावरचा ताणही १७० किलोनं हलका होतो. ५० × ५० × ५० सेंटीमीटरचा काँक्रीटचा ठोकळा बरोबर ३०० किलोचा भरतो. साच्यात सळई आणि तीन-पॉइंटच्या पिना आधी बसवून ओता, १५ दिवस पाणी मारा, मग लावा. रोटाव्हेटर जोडूनही काम भागतं, पण आधी त्याच्या प्लेटवरचं वजन वाचा. मागच्या टायरात तीन-चतुर्थांश पाणी भरलं तर मागची चाकं जड होतात. मात्र टायरातलं पाणी आसाच्या मागे नसतं, त्यामुळे समोरच्या आसाचा ताण तेवढाच राहतो. ठोकळा त्याहून सरस.

फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पंजाचं काम चालू असेपर्यंत ती लावूनच ठेवा. उतारावर ती समोरच्या चाकांनाही ब्रेकचं बळ देते. टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला पंजा लावू नये, असंच आम्ही सांगू.

तेल आणि होज

ट्रॉलीच्या जॅकसाठी असलेलं एकेरी टॅपिंग इथे चालत नाही. पंजा उघडायलाही तेल लागतं आणि मिटायलाही, म्हणून दुहेरी वाल्व लागतो. लोडरच्या वाल्वचे दोन स्पूल (तेल इकडेतिकडे वळवणारे भाग) उचलणं-खाली करणं आणि बकेट वळवणं यातच गुंततात. तिसरा स्पूल बसवा, नाहीतर डायव्हर्टर वाल्व लावा. डायव्हर्टर स्वस्त पडतो. त्याचं बटण दाबलं की बकेट वळवायचं तेल पंजाकडे जातं. पण दोन्ही कामं एकाच वेळी होत नाहीत, आणि ट्रॉली भरताना हे जाणवतं.

छोट्या ट्रॅक्टरचा पंप मिनिटाला २० लिटरच्या घरात तेल देतो. ५० मिमी बोअर आणि २५० मिमी स्ट्रोकचे (रॉडच्या चालीचे) दोन सिलेंडर भरायला साधारण १ लिटर लागतं, म्हणजे पंजा ३ सेकंदांत मिटायला हवा. त्याहून फार वेळ लागत असेल तर इंजिन फार हळू चालतंय, फिल्टर तुंबलाय किंवा कपलर, म्हणजे होजचा (तेलाच्या नळीचा) जोड, अर्धाच बसलाय.

नवा पंजा जोडल्यावर पाच-सहा वेळा पूर्ण उघडून मिटा, हवा निघून जाते. मग सगळे सिलेंडर आत घेऊन, लोडर जमिनीवर टेकवून तेलाची पातळी बघा. सिलेंडर बाहेर असताना पाहिली तर पातळी कमी दिसते, आपण वरून ओततो आणि सिलेंडर आत आले की तेल ओसंडतं. बहुतेक ट्रॅक्टरांत हेच तेल गिअरबॉक्सचंही असतं, म्हणून भलतंच तेल मिसळू नका.

होज कुठून गळतोय हे हातानं चाचपू नका. बारीक छिद्रातून दाबानं सुटलेलं तेल कातडीत घुसतं आणि वरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघा. तेल कातडीत गेलंच तर दुखायची वाट न पाहता थेट मोठ्या दवाखान्यात जा.

पऱ्हाटी उचलताना

जमीन वाफशावर किंवा त्याहून कोरडी हवी. ओल्या काळ्या मातीत समोरची चाकं रुततात, कारण भार तिथेच असतो. आणि एप्रिल-मेमध्ये भेगा. रुंद भेगेत समोरचं चाक ओझ्यासकट गेलं की ट्रॅक्टर एका अंगाला झुकतो. मार्ग आधी पायी फिरून बघा.

ढिगाकडे काड्यांना आडवं जा, म्हणजे काड्या पात्यांवर आडव्या बसतील. काड्यांच्या दिशेनंच घुसलात तर पाती सळसळत मधून निघून जातात आणि हाती चार काड्या येतात. पहिला लो गिअर, पंजा पूर्ण उघडा, खालची पाती जमिनीपासून दोन बोटं वर. पाती जमिनीत खुपसली की ढेकळं येतात. ढेकळांचं वजन फुकट वाहावं लागतं, आणि पऱ्हाटी कांडी कारखान्यात (जळणाच्या कांड्या बनवतात तिथे) किंवा श्रेडरला जाणार असेल तर माती नकोच असते. ढीग मागच्या पट्ट्याला टेकला की थांबा, पंजा मिटा, मागे कलवा, फूटभर उचला, दोनदा हलकेच हलवून माती झाडा आणि मग रिव्हर्स घ्या.

पऱ्हाटी हलकी, पण फुगीर. समोरचं काही दिसत नाही. म्हणून ओझं घेऊन जाताना पंजा गुडघ्याच्या उंचीवरच ठेवा. ओझं वर धरून त्याखालून रस्ता बघण्याची सवय अनेकांना असते. ट्रॅक्टर पलटतो तो असाच.

दोन वेगळे जबडे असलेला पंजा इथे फायद्याचा. एका बाजूला जाड जुडगा, दुसरीकडे चार काड्या, तरी दोन्ही आवळल्या जातात. सरसकट एकच जबडा असेल तर बारीक बाजूची पऱ्हाटी वाटभर सांडत जाते. खालच्या पात्यांतलं अंतर १५ सेंटीमीटरच्या आसपास बरं. लाकडासाठी बनवलेल्या पंजात ते जास्त असतं, त्यातून पऱ्हाटी गळते. तुरीच्या काड्या, संत्र्याची काढलेली सल (वाळलेल्या फांद्या) हेही याच पंजानं उचलता येतं. बागेत मात्र वळताना ठोकळा मागच्या झाडाला लागतो, हे लक्षात असू द्या. तो मागच्या आसाच्या मागे मीटरभराहून जास्त जातो. ठिबकच्या नळ्या आधी गुंडाळून घ्या.

पावसाळ्याच्या तोंडावर जुना ढीग हलवायचा असेल तर एकदम कवळ्यात घेऊ नका. आधी वरचा थर उचला, दोन मिनिटं थांबा. घोणस अशाच ढिगाखाली असते. सुटलेल्या काड्या हातानं गोळा करणाऱ्यांनी तर ढीग हलल्यावरच पुढे यावं.

ट्रॉली भरणं

लोडरचे हात वर जातात तसा पंजा आपोआप मागे, ड्रायव्हरकडे कलत जातो. पऱ्हाटीला चालून जातं, पण लाकूड असेल तर ते हातांवरून घरंगळत थेट स्टिअरिंगवर येतं. उचलता उचलता पंजा थोडा थोडा पुढे कलवत न्या, ओझं सपाट राहिलं पाहिजे. डायव्हर्टरचं बटण चुकून दाबलेलं असेल तर कलण्याऐवजी पंजाच उघडतो. म्हणून बटणावरचा अंगठा काढून मगच लिव्हरला हात लावा.

ट्रॉलीत उभं राहून पऱ्हाटी तुडवणारा माणूस ही आपली जुनी पद्धत. पंजानं भरताना ती बंद. तो माणूस खाली, निदान २५ फुटांवर. दाबायचंच असेल तर मिटलेल्या पंजानं वरून हलकेच दाबा. समोरची चाकं उचलली जाईपर्यंत दाबलंत तर लोडरच्या पिना वाकतात.

वावरातून गेलेल्या तारा उन्हाळ्यात आणखी लोंबतात. त्यांच्याखाली ट्रॉली उभीच करू नका. पंजा तारेला लागलाच तर सीटवरून उतरू नका, कोणाला जवळ येऊ देऊ नका आणि लाइन बंद करायला सांगा.

बाभूळ आणि खोडं

ओल्या बाभळीचं लाकूड निदान पाण्याइतकं जड धरा. ३० सेंटीमीटर व्यासाचं ३ मीटर लांब खोड सुमारे २१० किलो, आणि ४० सेंटीमीटरचं तेवढंच लांब खोड ३७५ किलो. व्यास थोडा वाढला पण वजन पावणेदोन पट झालं, हा फरक डोळ्याला कळत नाही. टेपनं मोजा. वर हिशेब केला त्या ट्रॅक्टरला दुसरं खोड झेपत नाही, तुकडे करा. धुऱ्यावर साग, मोह, आंबा, चिंच असेल तर तोडायच्या आधी परवानगी घ्या.

खोड मधोमध पकडा. टोकाला धरलं की ते वळताना फिरतं आणि बोनेटवर आदळतं. जमिनीतलं खुंट एका कोपऱ्याच्या पात्यानं हिसकू नका. लोडरचे दोन हात पिळतात, आणि पिळलेला लोडर पुन्हा सरळ होत नाही. खुंटासाठी जेसीबी बोलवा, स्वस्त पडतं. रायमुनिया, बेशरम अशी झुडपं मात्र पंजानं मुळासकट निघतात, फक्त झटका न देता सावकाश ओढा.

काटे टायरचा जीव घेतात. आधी पंजानं काटेरी फांद्या बाजूला सारून चाकांची वाट मोकळी करा, मगच आत शिरा.

बिघाड

पंजाची पकड धरल्या धरल्या सैल होत असेल तर वाल्व गळतोय किंवा सिलेंडरचं सील गेलंय. सील तपासायचं तर ओझं खाली ठेवा, पंजा पूर्ण मिटा, इंजिन बंद करून लिव्हर मागेपुढे हलवा. मग रॉडच्या बाजूचा होज सोडा आणि त्याच्या तोंडाला बूच लावा. आता इंजिन सुरू करून लिव्हर फक्त मिटण्याच्या दिशेला न्या. सिलेंडरच्या उघड्या तोंडातून तेल येत राहिलं तर सील गेलं, नाहीतर वाल्व बघा. जबडा झटके देत मिटत असेल तर हवा किंवा कमी तेल. एकच जबडा अडत असेल तर वाकलेली पिन.

ग्रीस दर ८ तासांनी, जुनं मळकं ग्रीस बाहेर येईपर्यंत. पात्यांच्या बुडाशी वेल्डिंगला बारीक तडा दिसला की त्याच दिवशी थांबा. वेल्डिंग करताना बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि सिलेंडरचा रॉड ओल्या पोत्यानं झाका, ठिणगीचा एक डाग पडला तरी सील कापत राहतो. रेडिएटरची जाळी दिवसातून दोन-तीनदा झटका, आणि सायलेन्सरजवळ अडकलेला कापूस, पाला रोज काढा.

पंजा काढून ठेवताना फळीवर, जबडा मिटून, सावलीत ठेवा. मेच्या उन्हात राहिलेल्या पंजात तेल फुगतं आणि कपलर काही केल्या बसत नाही. मग हातोडी निघते आणि कपलर फुटतो. ट्रॅक्टरच्या बाजूचा दाब इंजिन बंद करून, लिव्हर दोन्हीकडे हलवून काढा. पंजाच्या होजवर ओलं पोतं टाकून पाऊण तास थांबा, कपलर हातानं बसतो.