अंतराळ कचऱ्याच्या वादात या चुका टाळा

मूट कोर्टचं (कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या सराव खटल्याचं) निवेदन असो की वर्तमानपत्रातला लेख, अंतराळ कचऱ्याचा, म्हणजे बंद उपग्रह आणि अग्निबाणांच्या तुकड्यांचा, विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: ‘नुकसान करणाऱ्या देशाला भरपाई द्यावीच लागते.’ अंतराळातल्या वस्तूंनी केलेल्या नुकसानीची भरपाई ठरवणाऱ्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय दायित्व कराराचं दुसरं आणि तिसरं कलम शेजारी ठेवून वाचलं, तर हे वाक्य कुणी लिहिणार नाही. तुकडा जमिनीवर किंवा उडत्या विमानावर पडला, तर प्रक्षेपक देशाची, म्हणजे ती वस्तू अंतराळात सोडणाऱ्या देशाची, जबाबदारी पूर्ण असते. चूक सिद्ध करावी लागत नाही. तोच तुकडा कक्षेत दुसऱ्याच्या उपग्रहावर आदळला, तर आधी चूक दाखवा, मग पैसे मागा. म्हणून टिपणाच्या पहिल्याच ओळीत ‘कुठे आदळला’ हे लिहायची सवय लावून घ्या.

हा फरक किती महागात पडतो ते १० फेब्रुवारी २००९ला दिसलं. सैबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर रशियाचा कॉसमॉस-२२५१ आणि एका अमेरिकी कंपनीचा इरिडियम-३३ एकमेकांवर आदळले. कॉसमॉस कधीचाच बंद पडलेला, त्याला हलवणं शक्यच नव्हतं. इरिडियम चालू होता, पण त्याने वाट बदलली नाही. मग चूक कुणाची? बंद उपग्रह खाली आणा, असं कोणताही करार सांगत नव्हता. आधी कुणी बाजूला व्हायचं, याचाही नियम नव्हता. मागोवा घेता येतील असे दोन हजारांच्या आसपास तुकडे झाले आणि करारानुसार एकाही देशाने दावा लावला नाही. कंपनीला तर तो लावताच येत नाही. दावा देशाने देशावर, राजनैतिक मार्गानेच करायचा असतो.

त्यात आणखी एक गाठ आहे. इरिडियम-३३ रशियाच्या प्रोटॉन अग्निबाणाने, कझाकस्तानातल्या बैकोनूरहून गेला होता. सोडणारा, सोडून घेणारा, ज्याची जमीन वापरली तो, ज्याचा तळ वापरला तो, असे सगळेच प्रक्षेपक देश ठरतात. ही चौघांची यादी कागदावर करा. घाईतली मंडळी उपग्रहाच्या मालकापाशीच थांबतात आणि अर्धा खटला तिथेच हातचा जातो.

दुसरी चूक मुदतीची. दावा नुकसानीच्या किंवा जबाबदार देश कळल्याच्या तारखेपासून एका वर्षात लावायचा असतो. अणुभट्टी असलेला सोव्हिएत कॉसमॉस-९५४ कॅनडात कोसळला २४ जानेवारी १९७८ला. कॅनडाने दावा दिला २३ जानेवारी १९७९ला. मागितले ६०,४१,१७४.७० कॅनेडियन डॉलर, हाती आले १९८१ साली ३० लाख. खर्चाच्या नोंदी पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा. शोधमोहिमेवर वरखर्च किती झाला, हे नंतर आठवून सांगता येत नाही.

‘पंचवीस वर्षांत उपग्रह खाली आणायचा कायदा आहे’ हेही थांबवा. तो आकडा अंतराळ संस्थांच्या समन्वय समितीच्या मार्गदर्शक तत्त्वांतला. संयुक्त राष्ट्रांच्या २००७च्या सात तत्त्वांत तो आकडाच नाही, आणि दोन्ही ऐच्छिक आहेत. अमेरिकेने २०२२मध्ये पाच वर्षांचा नियम केला, तो तिच्या परवानाधारकांपुरता.

अंतराळाचे नियम ठरवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या व्हिएन्नाच्या समितीत मतदान होईल असं धरून चालू नका. तिथे सहमतीने चालतं. उपग्रहभेदी चाचण्यांवरचा (क्षेपणास्त्राने उपग्रह फोडून पाहण्यावरचा) डिसेंबर २०२२चा ठराव न्यूयॉर्कच्या आमसभेतला: बाजूने १५५, विरोधात ९, भारत तटस्थ.

चाचण्यांची तुलना करताना नुसते तुकडे मोजू नका, उंची पाहा. चीनने २००७मध्ये सुमारे ८६५ किलोमीटरवर उपग्रह फोडला, भारताने २०१९मध्ये सुमारे ३०० किलोमीटरवर. खालचे बहुतेक तुकडे हवेच्या घर्षणाने लवकर उतरतात, वरचे दशकानुदशके फिरत राहतात.

‘दिसला कचरा की उचला’ असंही होत नाही. १९६७च्या मूळ अंतराळ कराराच्या आठव्या कलमानुसार मेलेल्या उपग्रहावरही नोंदणी करणाऱ्या देशाचाच ताबा राहतो. संमतीचं पत्र आधी, यान नंतर. जपानच्या यानाने २०२४मध्ये जवळून पाहणी केली तीही जपानच्याच जुन्या अग्निबाणाच्या टप्प्याची.

जमिनीवर सापडलेल्यालाही हेच लागू. २ एप्रिल २०२२च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची मोठी रिंग पडली. ती चिनी अग्निबाणाची असावी, असा अभ्यासकांचा अंदाज होता. अशी वस्तू सापडणाऱ्याची होत नाही. अंतराळवीरांची सुटका आणि वस्तू परत करण्याबद्दलच्या १९६८च्या करारानुसार प्रक्षेपक देशाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना कळवायचं, त्या देशाने मागितली तर परत द्यायची, आणि खर्च त्याच्याकडून घ्यायचा. तोवर हात लावू नका, विशेषतः गोळ्यासारख्या टाकीला. आत हायड्रॅझिन हे विषारी इंधन उरलेलं असू शकतं. फोटो काढा, दोरी बांधून माणसं आणि जनावरं लांब ठेवा, तहसील आणि पोलीस ठाण्याला कळवा.