फोटोतला माणूस बॅकग्राउंडपासून वेगळा काढायचाय? तयार मॉडेल वापरा

यासाठी स्वतः मॉडेल ट्रेन करत बसायची काही गरज नाही. पायटॉर्च या पायथनमधल्या मशीन लर्निंग लायब्ररीचं फोटोंसाठीचं पॅकेज म्हणजे टॉर्चव्हिजन, त्यात डीपलॅब व्ही ३ (प्रत्येक पिक्सेल कशाचा आहे ते ओळखणारं मॉडेल) तयार मिळतं, त्यातलं रेसनेट ५० (आतलं मूळ नेटवर्क) वालं घ्या, साध्या कामाला पुरतं. पहिल्यांदा वेट्स (मॉडेलने शिकून ठेवलेले आकडे) डाउनलोड होतात, पुढच्या वेळी कॅशमधूनच उचलतं. जीपीयू नसला तरी चार-दोन फोटोंना अडत नाही, जरा थांबावं लागतं एवढंच.

लोड झालं की आधी इव्हॅल मोड (ट्रेनिंग नाही, फक्त वापर) लावा, नाहीतर मॉडेल ट्रेनिंग चालू असल्यासारखं वागतं आणि एकच फोटो दिलात तर बॅचनॉर्म (मॉडेलमधला आकडे एका प्रमाणात आणणारा थर) सरळ एरर फेकतं. ग्रेडियंटही (ट्रेनिंगसाठी लागणारा हिशोब) बंद ठेवा, उगाच मेमरी खातात.

आता फोटो. रिझल्ट गंडला की लोक मॉडेलला नावं ठेवतात पण बहुतेक वेळा घोळ इथेच असतो. वेट्सबरोबर ट्रान्सफॉर्म (फोटो मॉडेलला हवा तसा करून देणाऱ्या पायऱ्या) मिळतात तेच वापरा, ते फोटोची लहान बाजू ५२० पिक्सेल करतात आणि नॉर्मलाइज पण करतात (रंगांचे आकडे मॉडेलच्या प्रमाणात आणतात), त्यासाठीचे ते ०.४८५, ०.४५६, ०.४०६ वाले आकडे हाताने टाकत बसू नका. ओपनसीव्ही या फोटोंच्या लायब्ररीने फोटो उघडला असेल तर रंग उलटे येतात, निळा आधी लाल शेवटी, ते आरजीबी करून घ्या. पारदर्शक पीएनजी असेल तर चौथा, पारदर्शकतेचा चॅनल काढून टाका. आणि सगळ्यात आधी बॅचचं (एका वेळी किती फोटो ते सांगणारं) एक डायमेन्शन जोडायला विसरू नका.

आउटपुट डिक्शनरीत येतं, त्यातलं 'आउट' घ्या. प्रत्येक पिक्सेलला २१ स्कोअर असतात, एकेका क्लासचा (वस्तूच्या प्रकाराचा) एक, क्लासच्या डायमेन्शनवर आर्गमॅक्स लावला (सगळ्यात जास्त स्कोअरवाल्या क्लासचा नंबर घेतला) की मास्क, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा क्लास नंबर, तयार. ० म्हणजे बॅकग्राउंड, १२ कुत्रा, १५ माणूस.

मास्क मूळ साइजला आणताना मात्र इंटरपोलेशन (साइज बदलताना नवे पिक्सेल भरायची पद्धत) निअरेस्टच ठेवा हां, त्यात जवळच्या पिक्सेलचा नंबर तसाच येतो. बायलिनियर (आजूबाजूच्या पिक्सेलची सरासरी काढणारी) ठेवलंत तर १५ आणि ० च्या मधले आकडे तयार होतात, ७ म्हणजे कार, मग माणसाच्या कडेकडेने कार उगवलेली दिसते आणि आपण डोकं खाजवत बसतो!

दोन माणसं चिकटून उभी असतील तर दोघांचा मिळून एकच डाग येणार, वेगवेगळी हवी असतील तर मास्क आरसीएनएन (प्रत्येक वस्तू वेगळी दाखवणारं मॉडेल) बघा, तेही टॉर्चव्हिजनमध्येच आहे. आणि हवी ती वस्तू या २१ मध्ये नसेलच तर मेटाचं २०२३ मधलं सॅम हे मॉडेल घ्या, वस्तूवर एक पॉइंट दिला की ते मास्क काढून देतं, फक्त ती वस्तू कोणती ते सांगत नाही.