ड्युअल क्वाड ट्यूनिंग: आधी हवा, मग पेट्रोल

ड्युअल क्वाडवाली, म्हणजे चार-चार बॅरलचे दोन कार्ब्युरेटर (कार्ब) असलेली गाडी आयडलला डुगडुगते, मागे पेट्रोलचा वास मारते, पाय दाबला की आधी गुदमरते आणि मग सुटते, आणि हे दिसलं की बहुतेक जण स्क्रूड्रायव्हर घेऊन थेट मिक्स्चर स्क्रूवर तुटून पडतात. प्लीज असं करू नका. मिक्स्चर हे जवळजवळ शेवटचं काम आहे. दोन्ही कार्ब सारखी हवा ओढत नाहीयेत तोपर्यंत तुम्ही पेट्रोल कितीही कमीजास्त करा, ते कधीच जुळणार नाही.

मी इथे कार्टर कंपनीचा एएफबी कार्ब धरून लिहितोय, कारण १९६६ ते १९७१ च्या क्रायस्लरच्या ४२६ स्ट्रीट हेमी व्ही-८ इंजिनावर कंपनीतूनच एकामागे एक असे दोन एएफबी यायचे, आणि एडलब्रॉकचे परफॉर्मर कार्ब पण त्याच डिझाइनवरचे आहेत, त्यामुळे जेट (पेट्रोलची भोकं), त्या भोकांत वरखाली होणारे मीटरिंग रॉड, स्प्रिंग बरंचसं सारखंच. होली कंपनीचे कार्ब असतील तर आतल्या गोष्टी बदलतात, पण कामाचा क्रम हाच.

एक भीती आधी काढून टाकू, की दोन कार्ब म्हणजे इंजिन पेट्रोलमध्ये बुडणारच. हिशोब करून बघा: ४२६ क्युबिक इंच गुणिले ६००० आरपीएम भागिले ३४५६ (इंचाचे फूट करायला १७२८, आणि दोन फेऱ्यांत एकदाच भरतं म्हणून त्याची दुप्पट), म्हणजे सिलिंडर पूर्ण भरतात असं धरलं तर साधारण ७४० सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे क्युबिक फूट हवा. ६०० सीएफएमचे दोन कार्ब लावले तर १२०० होतात हे खरं, पण एएफबीच्या सेकंडरीत (पाय जास्त दाबल्यावरच उघडणारे दोन बॅरल) वजनाने बंद राहणारी झडप असते, इंजिनाने जोरात हवा ओढल्याशिवाय ती उघडतच नाही. त्यामुळे इंजिन लागेल तेवढीच हवा घेतं. गाडी बुडते ती बहुतेक वेळा फ्लोट (कार्बमधली पेट्रोलची पातळी सांभाळणारा तरंगता भाग) आणि पेट्रोल प्रेशरमुळे.

म्हणून सुरुवात तिथून. एएफबीला साडेपाच पीएसआयच्या आसपास प्रेशर पुरतं, साडेसहाच्या वर गेलं की फ्लोटची नीडल पेट्रोल अडवून धरत नाही आणि पेट्रोल वरून वाहायला लागतं. फ्लोट ७/१६ इंचावर, झाकण उलटं धरून गॅस्केटपासून फ्लोटच्या वरच्या टोकापर्यंत मोजायचं, आणि चारही फ्लोट एकसारखे हवेत. मग प्लग, पॉइंट, टायमिंग. व्हॅक्यूम अॅडव्हान्सचा पाइप काढून बंद करा आणि टोटल टायमिंग (आरपीएम वाढवल्यावरचं पूर्ण टायमिंग) तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलप्रमाणे लावा, या काळातल्या बऱ्याच व्ही-८ ना ३४ ते ३६ डिग्री मानवतं. टायमिंग मागे असलेलं इंजिन कार्बचाच प्रॉब्लेम असल्यासारखं वागतं आणि माणूस दोन दिवस चुकीच्या ठिकाणी शोधत बसतो.

नंतर बाहेरून कुठे हवा ओढतंय का ते बघा, कार्बच्या खालचं गॅस्केट, मॅनिफोल्डचे कोपरे, पाइपांची टोकं, आणि जुन्या कार्बमध्ये थ्रॉटल शाफ्ट जिथून बाहेर येतो ती जागा नक्की. शाफ्ट बोटाने वरखाली हलवून बघा, खडखड हलत असेल तर तो कार्ब कधीच स्थिर आयडल देणार नाही, आधी बुश बसवून घ्या. आणि हो, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा, जागा मोकळी हवेशीर पाहिजे, आणि एअर क्लीनर काढलेला असताना इंजिन चालू करताना चेहरा कार्बवर आणू नका, बॅकफायर झाला तर ज्वाळा सरळ वर येते.

आता सिंक, म्हणजे दोन्ही कार्बची हवा सारखी करणं. दोन कार्बना जोडणारा रॉड सोडवा, हे विसरलात तर पुढचं सगळं वाया. दोन्हीचे आयडल स्क्रू पूर्ण मागे घ्या म्हणजे बटरफ्लाय (थ्रॉटलच्या चकत्या) बंद होतील, मग प्रत्येक स्क्रू टेकेपर्यंत आत आणा आणि तिथून दोन्ही सारखेच एक आटा आत. चारही मिक्स्चर स्क्रू हलकेच टेकवून दीड दीड आटा बाहेर, टेकवताना जोर लावू नका, टोकाला खाच पडली की तो स्क्रू गेला. इंजिन पूर्ण गरम करा, चोक उघडलेला आहे ना बघा. मॅनिफोल्ड दोघांचा एकच असल्यामुळे व्हॅक्यूम गेज दोन कार्बमधला फरक सांगत नाही, त्यासाठी कार्बच्या तोंडावर धरायचं हवेचं मीटर लागतं. ते नसेल तर रबरी पाइपचा हातभर तुकडा घ्या, एक टोक कानाशी, दुसरं आधी एका कार्बच्या प्रायमरी (आयडलला चालणाऱ्या) बॅरलच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या त्याच बॅरलशी, फॅनपासून बाही आणि केस लांब ठेवून. सूं असा आवाज येतो, ज्याचा जास्त मोठा तो जास्त हवा घेतोय. त्याचा स्क्रू थोडा मागे, दुसऱ्याचा तेवढाच पुढे, असं करत करत दोन्ही आवाज एक झाले की थांबा. एकच कार्ब जास्त उघडून आयडल सांभाळायचा शॉर्टकट मारू नका, त्या कार्बचं बटरफ्लाय ट्रान्स्फर स्लॉट (बटरफ्लायच्या कडेची पेट्रोलची फट) उघडा पाडतं आणि मग त्याचे मिक्स्चर स्क्रू फिरवले तरी इंजिनाला काही फरकच पडत नाही.

आता मिक्स्चर. व्हॅक्यूम गेज लावा आणि चारही स्क्रू एकेक करून पाव आटा हलवा, प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबा कारण इंजिन लगेच उत्तर देत नाही. काटा वर चढतो, थरथर कमी होते, आणि एका जागेनंतर परत उतरायला लागतो. सगळ्यात वरची जागा पकडा, आणि मग चारही अगदी थोडे आत, आरपीएम साधारण २० ने पडेपर्यंत. आयडल वाढलं तर दोन्ही आयडल स्क्रू सारखे कमी करा आणि हवा परत एकदा तपासा.

आता लिंकेज. दोन कार्बना जोडणारा रॉड असा अॅडजस्ट करा की तो लावताना दोन्हीपैकी एकही बटरफ्लाय जागचं हलणार नाही. हेमीवर मागचा कार्ब आधी उघडतो आणि पुढचा नंतर येतो, तिथे पुढचा आयडलला आपल्या आयडल स्क्रूवर पूर्ण टेकलेला असणं महत्त्वाचं. मग इंजिन बंद ठेवून एकाला आत बसवून पॅडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि तुम्ही टॉर्च मारून बघा, दोन्ही कार्बच्या प्रायमरी बटरफ्लाय सरळ उभ्या झाल्या पाहिजेत आणि पाय काढला की फटकन बंद. रिटर्न स्प्रिंग दोन लावा, एक तुटली तरी दुसरी थ्रॉटल बंद करेल.

इतकं करून सुद्धा पाय दाबल्यावर झटका येत असेल तर स्टेप-अप स्प्रिंग बघा, व्हॅक्यूम कमी झाला की मीटरिंग रॉड वर उचलून जास्त पेट्रोल सोडणारी. मोठ्या कॅममुळे आयडल व्हॅक्यूम कमी असतो आणि मीटरिंग रॉड आयडललाच वर उठून बसतात, इंजिन जास्तीचं पेट्रोल खातं. आयडल व्हॅक्यूमच्या साधारण निम्म्याची स्प्रिंग घ्या: १० इंच व्हॅक्यूम असेल तर ५ ची नारिंगी, ८ असेल तर ४ ची पिवळी. उलट व्हॅक्यूम भरपूर असून हलका पाय दाबताच गाडी अडखळत असेल तर ७ ची गुलाबी. कार्ब उतरवावा लागत नाही, इंजिन बंद करून वरचा एक स्क्रू आणि छोटं झाकण, फक्त झाकणावर बोट दाबून ठेवा नाहीतर स्प्रिंग मीटरिंग रॉड उडवते. चारही स्प्रिंग एकदम बदला.

शेवटी रस्त्यावर एक सलग फेरी मारा, घरी येऊन आठही प्लग काढून ओळीने मांडा, आणि कुठला सिलिंडर कुठल्या कार्बखाली येतो त्याप्रमाणे पुढचे चार आणि मागचे चार शेजारी ठेवून बघा. एका गटाचे काळे आणि दुसऱ्याचे पांढरट असतील तर जेटला हात न लावता परत कार्ब जोडणारा रॉड सोडवून सिंकपासून सुरू करा.