गडचिरोलीच्या दक्षिण भागात मुलांसाठी संस्था चालवताना

गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड, एटापल्ली, अहेरी किंवा सिरोंचा तालुक्यात मुलांसाठी काम उभे करायचे ठरवलेल्यांना पहिली सूचना अशी आहे की, इमारतीचा नकाशा काढण्याची घाई करू नये. १९८० च्या सुमारास तेलंगण भागातून नक्षलवादी दलमे (सशस्त्र तुकड्या) या जंगलात आली आणि त्यानंतरच्या चार दशकांत येथील मुलांनी गोळीबार, अपहरणे, मारलेल्या बापाच्या छातीवर ठेवलेल्या चिठ्ठ्या, झडत्या आणि अटका हे सारे पाहिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी पक्षाचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शरणागती पत्करल्यानंतर हिंसा बरीच ओसरली आहे. मात्र हिंसेने जी घरे मोडली त्यांतील मुले अजून लहानच आहेत, आणि संस्थेचे खरे काम त्यांच्यापाशी आहे.

ही मुले एका प्रकारची नाहीत. पोलिसांचा खबरी असल्याच्या संशयावरून मारल्या गेलेल्या माणसाचे मूल, भूसुरुंग स्फोटात गेलेल्या पोलीस शिपायाचे मूल, आई दलममध्ये निघून गेल्यामुळे आजीकडे वाढणारे मूल, तुरुंगातील कैद्याचे मूल आणि आत्मसमर्पण केलेल्या जोडप्याचे मूल, ही सारी एकाच आश्रमशाळेत एका ओळीत जेवायला बसलेली असू शकतात. यांतील कोण कोणत्या बाजूचे, हा प्रश्न संस्थेत कोणीही विचारू नये आणि त्याचे उत्तर संस्थेच्या कोणत्याही कागदावर सापडू नये. पुढील बहुतेक सूचना या एकाच नियमातून निघाल्या आहेत.

नोंदणीचा भाग थोडक्यात उरकता येतो. महाराष्ट्रात संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदवली जाते. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो, आणि गावातील विश्वस्त घेतल्यास हे वारंवार घडते, म्हणून त्याची तारीख लिहून ठेवावी. आयकराची १२अ आणि ८०जी ही प्रमाणपत्रे, नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरील नोंद आणि कंपन्यांकडून सामाजिक दायित्वाचा निधी घ्यायचा असल्यास सीएसआर-१ हा अर्ज, एवढे पहिल्या वर्षी पुरेसे आहे. परदेशी देणग्यांसाठी एफसीआरए (परदेशी योगदान नियमन कायदा) नोंदणी मिळवायची तर साधारणपणे तीन वर्षांचे अस्तित्व आणि त्या काळात मूळ कामावर १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावा लागतो, त्यातील वीस टक्क्यांहून अधिक रक्कम प्रशासनावर खर्चता येत नाही आणि तो दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. या जिल्ह्यात परदेशी पैशाच्या आधी संशय पोहोचतो, त्यामुळे पहिली काही वर्षे त्या वाटेला न गेलेले बरे, असे माझे मत आहे.

वसतिगृहाचा मोह मात्र सविस्तर समजून घेण्यासारखा आहे. देणगीदाराला इमारत दिसते, तिच्यावर नावाची पाटी लागते आणि मुलांची संख्या मोजता येते. पण येथील माडिया आदिवासी मूल घरातून उचलून तालुक्याच्या गावी आणले की त्याची भाषा, गोटुल (गावातील तरुणांचे एकत्र जमण्याचे घर), जंगलातील वावर आणि चुलत्या-मामांचा आधार हे सर्व एकदम सुटते. बापाविना वाढणारे मूल गावात दिसेनासे झाले, तर त्याच्या शेतीवरील हक्कही पुढे वादात सापडू शकतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या मूलभूत तत्त्वांतच संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. शिवाय कलम ४१ खालील नोंदणी नसताना निवाऱ्याची गरज असलेली मुले ठेवून घेणे हा गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. ‘परीक्षेपुरती चार मुले ठेवली होती’ हा खुलासा तेथे चालत नाही.

म्हणून ज्या काकूने किंवा आजीने मूल सांभाळले आहे, तिचे हात बळकट करणे हेच कामाचे केंद्र असावे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून एका मुलामागे दरमहा २२५० रुपये, तर मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वातून दरमहा ४००० रुपये मिळू शकतात. ग्रामीण भागात प्रायोजकत्वासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७२ हजारांच्या आत असावे लागते. कोणते मूल कोणत्या योजनेत बसते हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारून घ्यावे. नक्षली हिंसेत बळी पडलेल्या सामान्य नागरिकाच्या वारसांसाठी केंद्राची २००८ पासूनची योजना असून तिची रक्कम २०१६ मध्ये तीन लाखांवरून पाच लाखांवर नेण्यात आली.

अडचण पैशाची नसते, कागदांची असते. जन्माची नोंद झालेली नसते, आधारवर आईचे नाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेले असते, बापाचा मृत्यू दाखला काढलेला नसतो, आणि जात प्रमाणपत्रासाठी लागणारा जुना पुरावा कोणाच्या घरी आहे हे कोणाला ठाऊक नसते. ग्रामसेवक, तलाठी, मुख्याध्यापक आणि बँकेचा शाखा व्यवस्थापक या चौघांकडे एका मुलासाठी सात-आठ वेळा जाऊ शकणारा एक चिकाटीचा कार्यकर्ता संस्थेला कोणत्याही इमारतीपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

गावात शिरण्याची रीतही आहे. हे तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्रात येतात आणि १९९६ च्या पेसा कायद्यामुळे पाड्याची ग्रामसभाही अधिकाराने बोलू शकते. म्हणून सरपंचाची सही घेऊन न थांबता गाव पाटील, भुमिया आणि पेरमा या पारंपरिक गावप्रमुखांसह बसलेल्या ग्रामसभेत काम मांडावे. माडिया बोलणारा कार्यकर्ता नसेल तर बैठक पुढे ढकलावी. सिरोंच्यात तेलुगू लागेल, मुलचेऱ्याकडे कामाचा विस्तार केला तर बंगालीही लागेल. मार्च-एप्रिलमध्ये माणसे मोह वेचायला जातात, मेमध्ये तेंदूपाने तोडतात, आणि जानेवारीपासून अनेक कुटुंबे मिरची तोडणीसाठी तेलंगणात गेलेली असतात. या काळात दुपारी गावात गेल्यास म्हाताऱ्यांशिवाय कोणी भेटत नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, त्यामुळे औषधे, वह्या आणि कार्यकर्त्यांचे पगार जूनच्या मध्यापूर्वीच पोहोचवलेले बरे.

तटस्थता ही वागण्यात दिसावी लागते. वर्षाच्या सुरुवातीला कामाचा आराखडा जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांना लेखी द्यावा, आणि तो दिला आहे हे ग्रामसभेत उघडपणे सांगावे. लपवून केलेला पत्रव्यवहार उघडकीला आला की त्याचा एकच अर्थ काढला जातो. संस्थेच्या माणसाने पोलिसांच्या गाडीतून प्रवास करू नये आणि आपल्या गाडीत गणवेशातील वा शस्त्रधारी कोणालाही बसवू नये. पोलीस दादालोरा खिडकीसारख्या उपक्रमातून लोकांना दाखले मिळतात ही चांगली गोष्ट आहे आणि कुटुंबांनी तेथे स्वतः जरूर जावे. मात्र संस्थेने आपले वाटप किंवा मुलांचे मेळावे पोलीस मदत केंद्राच्या आवारात घेऊ नयेत. त्याचप्रमाणे जंगलातून पैशाची मागणी आली, तर ती रक्कम कितीही लहान असली तरी देऊ नये. ती बेकायदेशीर कृत्य प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येते, आणि एकदा दिली की दरवर्षी द्यावी लागते. अशा प्रसंगी त्या भागातील काम थांबवणे हाच मार्ग उरतो, आणि ते का थांबवले हे गावाला सांगितले पाहिजे.

देणगी कोणाची घ्यावी हाही तटस्थतेचाच प्रश्न आहे. सुरजागडच्या लोहखनिज खाणकामावरून एटापल्ली तालुक्यात गावागावांत, कधी एका घरातही, मतभेद आहेत. खाणीशी संबंधित निधीतून काम उभे करायचे तर विरोध करणाऱ्या गावातील मूल आपल्याकडे येईल का, याचा विचार धनादेश स्वीकारण्यापूर्वी करावा. रोजगार मिळालेल्या कुटुंबांना तो निधी योग्य वाटू शकतो, आणि त्यांचेही म्हणणे खोटे नाही. येथे सर्वांना लागू पडेल असा नियम सांगता येत नाही, पण निर्णय ग्रामसभांना विचारून घ्यावा आणि त्याचे इतिवृत्त ठेवावे.

आता नोंदवहीकडे येऊ, कारण या भागात माहिती जपणे हे पैसा जपण्यापेक्षा अवघड आहे. मुलाच्या नोंदीत ‘वडील हयात नाहीत, मृत्यू दाखला आहे किंवा नाही’ एवढेच असावे. कोणी मारले, का मारले, आई कोणाशी बोलते, रात्री घरी कोण जेवून गेले, यांतील एक अक्षरही लिहू नये. नुकसानभरपाईच्या अर्जात मृत्यूचे कारण लिहावेच लागते. तेथे ते आईच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीने लिहावे आणि त्याची प्रत मुलाच्या नेहमीच्या फाईलमध्ये ठेवू नये. फाईलवर नावाऐवजी क्रमांक असावा, नाव आणि क्रमांक जुळवणारी यादी एकाच व्यक्तीकडे कुलपात असावी, आणि गृहभेटींची छायाचित्रे व्हॉट्सॲपच्या गटात टाकण्याची सवय पहिल्याच महिन्यात बंद करावी, कारण मोबाइलमधील छायाचित्रासोबत बहुधा ठिकाण आणि वेळही जाते. माहिती मागायला कोणीही आले तरी कार्यकर्त्याने ‘आमच्या सचिवांना लेखी विचारा’ एवढेच नम्रपणे सांगावे.

याचा अर्थ कायद्यापासून काही लपवावे असा मुळीच नाही. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणे बंधनकारक आहे, आणि आपल्या हाताखालील व्यक्तीने केलेला असा गुन्हा संस्थाप्रमुखाने न कळवल्यास त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कुटुंबापासून दुरावलेले मूल आढळल्यास चोवीस तासांच्या आत १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी, पोलीस, बाल कल्याण समिती किंवा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कोणाला तरी कळवावे लागते. म्हणूनच ‘तू सांग, मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन कार्यकर्त्याने मुलाला कधीही देऊ नये. तुला इजा करणारी गोष्ट असेल तर ती कोणाला सांगावी लागेल, हे आधी समजावून मगच ऐकावे. दलमसोबत फिरलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा समोर आला, तर तोही कायद्याच्या दृष्टीने बालकच आहे. सशस्त्र संघर्षाने बाधित झालेल्या बालकाला बाल न्याय अधिनियमाचे कलम २(१४) काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक मानते, आणि बालकांना भरती करणाऱ्या गटाला त्याच अधिनियमाचे कलम ८३ सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा सांगते. अशा वेळी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील पहिल्या दिवसापासून सोबत असावा, आणि मुलाची ‘हकीकत’ ऐकण्याची हौस संस्थेतील प्रत्येकाने आवरावी.

मुलांच्या मनावरील ओरखड्यांबद्दल बाहेरून येणारे प्रशिक्षक बरेच बोलतात, आणि त्यात तथ्यही आहे. पण येथे वर्गात पेंगणारे, चिडणारे किंवा खेळात न उतरणारे मूल दिसले की आधी मलेरियाची तपासणी करावी, नंतर सिकलसेलची, आणि मग ते काल रात्री जेवले होते का हे विचारावे. त्यानंतरही झोपेतून ओरडून उठणे, अंथरूण ओले करणे किंवा बोलणे बंद होणे काही आठवडे चालूच राहिले, तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागाकडे न्यावे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक कार्यकर्त्याला सल्ला घेण्यासाठी उपयोगी आहे, पण फक्त माडिया बोलणाऱ्या मुलाच्या हाती फोन देऊन काही साधत नाही. बहुतेक मुलांना रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, त्याच ताईसोबत तासभर खेळायला मिळणे पुरते. चित्रांतून ‘झालेला प्रसंग’ काढून घेण्याचे प्रयोग तज्ज्ञाशिवाय करू नयेत.

देणगीदारांच्या भेटींना मर्यादा हवी. मुलांना ओळीत उभे करून स्वागतगीत म्हणायला लावणे आणि मग एकेकाच्या दुःखाची ओळख करून देणे, हा प्रकार आपल्याकडे इतका रुळला आहे की त्यातील क्रूरपणा कोणाच्या ध्यानातही येत नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करणे हा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे, आणि गावाचे नाव व पाठमोरे छायाचित्र एकत्र छापले तरी शंभर घरांच्या पाड्यात ओळख उघड होते. अहवालात मुलाऐवजी काम दाखवावे: किती जन्मनोंदी झाल्या, किती मुलांच्या खात्यात अनुदान सुरू झाले, किती मुले मिरचीच्या हंगामानंतर शाळेत परतली.

कार्यकर्ते त्याच भागातले असावेत आणि त्यांचा पगार महिन्याच्या ठरलेल्या तारखेला व्हावा. अंधार पडल्यानंतर जंगलातील रस्त्याने दुचाकी चालवू नये, निघताना परतण्याची वेळ सांगून ठेवावी, आणि २८ जुलैपासूनचा नक्षल सप्ताह किंवा २ डिसेंबरपासूनचा पीएलजीए (माओवाद्यांचे सशस्त्र दल) सप्ताह या काळात, आता वातावरण निवळले असले तरी, गावकऱ्यांचा सल्ला घेऊनच प्रवास करावा. अपघात विमा आणि मच्छरदाणी हे खर्च अंदाजपत्रकात ‘इतर’ या सदरात ढकलू नयेत.

मूल अठरा वर्षांचे झाले की योजनांचे हप्ते सहसा थांबतात, म्हणून सोळाव्या वर्षापासूनच त्याचे स्वतंत्र बँक खाते, जात वैधता प्रमाणपत्र आणि पुढील शिक्षणाची किंवा कामाची सोय यांची तयारी सुरू करावी. संस्था एखाद्या गावातून बाहेर पडणार असेल तर सहा महिने आधी ग्रामसभेला सांगावे, चालू अर्जांची यादी अंगणवाडी सेविका आणि ग्राम बाल संरक्षण समितीकडे सोपवावी, मुलांची मूळ कागदपत्रे सही घेऊन त्यांच्या पालकांच्या हाती द्यावीत, आणि कायद्याने जपून ठेवणे आवश्यक नसलेल्या बाकीच्या नोंदी दोन विश्वस्तांसमोर जाळून त्याचा पंचनामा करावा.