राग आवरताना निश्चयावर नव्हे, कृपेवर विसंबा

"आजपासून चिडणार नाही" अशी शपथ घेऊन दिवस सुरू करू नका; देवाच्या कृपेवर, म्हणजे न कमावता मिळणाऱ्या त्याच्या क्षमेवर आणि साहाय्यावर, विसंबा. बायबलमधील रोमकरांस पत्राच्या 7व्या अध्यायात प्रेषित पौल हेच सांगतो : चांगले करण्याची इच्छा आहे, पण ते हातून घडत नाही. शपथ मोडली की अपराधी वाटते, मग प्रार्थना टळते आणि घसरण वाढते.

सकाळी आधी जे मिळाले आहे ते उच्चारा : ख्रिस्तात मला क्षमा मिळाली आहे, मी देवाचे लेकरू आहे. मग मागा, आणि नेमके मागा. "मला चांगले कर" नको. "संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेताना माझ्या जिभेला आवर घाल" असे म्हणा. इब्री 4:16 तोंडपाठ करा. ऐनवेळच्या साहाय्याचे ते वचन आहे. आवाज चढू लागला की तिथेच थांबा. "प्रभू, मला जमत नाही, तू साहाय्य कर" एवढे पुरे.

तरीही चिडलात, तर खरी कसोटी इथे लागते. बहुतेक जण दोन-तीन दिवस नीट वागून मगच देवापुढे जातात, म्हणजे क्षमा कमावू पाहतात. तसे करू नका. त्याच घटकेला जा, पाप नेमके कबूल करा (1 योहान 1:9) आणि ज्याच्यावर ओरडलात त्याची माफी मागा, मग ते मूल का असेना.

कृपा म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. तीत 2:11-12 प्रमाणे तीच आपल्याला अभक्तीला नकार द्यायला शिकवते. बायबलचे वचन, मंडळीची (चर्चची) संगती, प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी) सोडू नका, पण त्यांचा हिशेब देवापुढे मांडू नका. राग मारहाणीपर्यंत जात असेल, तर मंडळीच्या पाळकांना आणि समुपदेशकाला आजच सांगा.