ॲप रोज उघडायला लावायचं असेल तर आधी लीडरबोर्ड काढा

आमचं ॲप एवढुसं आहे. कपाशीत लावलेल्या कामगंध सापळ्यातले (मादीच्या वासानं नर किडे ओढणारा सापळा) बोंडअळीचे पतंग सकाळी मोजायचे अन् आकडा टाकायचा, बस. पण गुलाबी बोंडअळीचा सापळ्यावरचा नियम असा की सलग ३ रात्री, दर रात्री एका सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग सापडले की फवारणीचं पाहायचं, म्हणजे एखाद्या दिवशीचा सुटा आकडा काही कामाचा नाही. आणि कास्तकार माणूस चार दिवस टाकतो, पाचव्या दिवशी विसरतो.

मग मीही सगळे करतात तेच केलं, पॉइंट्स, बॅज, गावाचा लीडरबोर्ड, म्हणजे कोण वर कोण खाली याची नावानिशी यादी. पहिले दोन चालून गेले असते पण लीडरबोर्डनं वाट लावली. सगळ्यात खाली जे काका होते त्यांना पानठेल्यावर पोरं "काका, नापास झाले का" करायला लागली तर त्यांनी तिसऱ्या दिवशी ॲपच उडवलं, आणि वर जो होता तो वावरात न जाता घरी खाटेवर बसून आकडे भरत होता, पॉइंट्स मिळून राहिले ना! पंधरा दिवसांचा डेटा पाण्यात. तेव्हा पॉइंट द्यायचेच असतील तर आधी विचारा, हे खोटं करणं किती सोपं आहे?

त्याजागी आम्ही एकच ओळ टाकली, "आज गावात इतके सापळे मोजून झाले". नाव कोणाचंच नाही. पतंग काही धुरा (शेताचा बांध) पाहून उडत नाही, त्यामुळे शेजाऱ्यानं मोजलं का याची चौकशी लोकं आपोआप करतात.

दुसरं, सुरुवात शून्यापासून दाखवू नका. २००६ मध्ये नून्स आणि ड्रेझ या दोघांचा एक अभ्यास छापून आला होता, गाडी धुण्याच्या दुकानात काही गिऱ्हाइकांना ८ रिकाम्या घरांचं कार्ड दिलं अन् काहींना १० घरांचं, पण त्यात २ शिक्के आधीच मारलेले. धुवायची दोघांनाही ८ वेळाच, तरी पहिल्यांपैकी १९ टक्क्यांनी कार्ड पूर्ण केलं आणि दुसऱ्यांपैकी ३४. आम्ही "सापळे लावले" आणि "लुअर बसवली" (लुअर म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी) ही दोन घरं पहिल्याच स्क्रीनवर भरून देतो, ती कामं त्यानं खरंच केलेली असतात म्हणून लबाडीही होत नाही.

स्ट्रीक, म्हणजे न चुकता किती दिवस झाले ती मोजणी, ठेवा पण आपल्याकडची ठेवा. ड्युओलिंगो या भाषा शिकायच्या ॲपातसुद्धा एखादा दिवस हुकला तर स्ट्रीक वाचवायला फ्रीझ असतो, इथं तर लाइन जाते, रेंज नसते, पोळा येतो. म्हणून आठवड्यात ५ दिवस झाले की स्ट्रीक चालू, आणि तारीख मोबाईलमध्ये आकडा टाकला त्या वेळची धरायची, सर्व्हरला पोचली तेव्हाची नाही. हे नाही केलं तर खरं काम करणाऱ्याचीच स्ट्रीक तुटते आणि तो शिव्या देतो, बरोबरच देतो. हुकलेला दिवस मात्र रिकामाच दाखवायचा, तिथं अंदाजे आकडा भरायचा नाही.

आता खरी गंमत. गेम आम्हाला बनवावा लागलाच नाही, तो त्या ८ च्या नियमातच होता. स्क्रीनवर तीन रात्रींची तीन घरं केली, पतंग ८ च्या खाली तर हिरवं, ८ किंवा जास्त तर लाल. दोन लाल झाली की तिसऱ्या सकाळी माणूस चहाच्या आधी सापळ्याकडे जातो, सांगावं लागत नाही. आणि घर हिरवं राहिलं तर खाली येतं "आज फवारणीची गरज नाही", एका फवारणीचे औषध-मजुरीचे पैसे वाचले याच्यापुढं बॅजला कोण विचारतं.

नोटिफिकेशन सकाळी एकच. बंद करायच्या बटनावर "नाही, मला पिकाची काळजी नाही" असलं काही लिहू नका, २०२३ च्या केंद्राच्या डार्क पॅटर्नच्या (गिऱ्हाइकाला फसवणारी स्क्रीनची मांडणी) नियमांत १३ प्रकार दिलेत त्यात हे बसतं. आणि पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटली की ॲपनं स्वतःहून गप्प बसायचं, थेट पुढच्या हंगामात सापळे लावायच्या वेळी बोलायचं.